सातव्या पेटीचे आकडे

६ ऑक्टोबर २०२५, नांदेड

वर्षाराणी आज फोन न करता आली. माझ्या भावाची, भारतची, जुनी विद्यार्थिनी. आता विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, तो जिथे सहायक होता त्याच सर्व्हेच्या प्रयोगशाळेत शिकवते. चपला दारात आडव्या काढल्या आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाली, "अक्का, सरांच्या आठवणीसाठी आम्ही एक करून राहिलो."

भारतला जाऊन चौदा डिसेंबरला दोन वर्षं होतील. त्या दिवशी त्याचा जुना खजिन्याचा खेळ पुन्हा मांडायचा असा बेत आहे. या खेळाला जिओकॅश म्हणतात. एक माणूस पेटी लपवतो आणि जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. दुसरा माणूस जीपीएस घेऊन ती हुडकतो, आतल्या वहीत सही करतो आणि पेटी होती तिथेच ठेवून घरी जातो. बक्षीस नाही. मोठी माणसं हे करतात.

भारतनं २०१३ च्या जानेवारीत अशा सात पेट्या ठेवल्या होत्या. आता त्यातली एकही नाही. दोन रस्ता रुंदीकरणात गेल्या, दोन गोदावरीच्या पाण्यात. एक केळीच्या बागेसोबत उपटली गेली. एक माकडांनी नेली असं म्हणतात. सातवी लातूरला होती, ती कोणालाच कधी सापडली नाही. तो गेल्यावर बघणारा कोणी राहिला नाही आणि संकेतस्थळानं अख्खा खेळच काढून टाकला.

बेत वाईट नव्हता. मग तिनं पेट्यांत ठेवायचं माहितीपत्रक दाखवलं. चौथी ओळ अशी: "सातवी पेटी बहुधा प्रत्यक्षात ठेवलीच गेली नव्हती, म्हणून शेवट आम्ही विष्णुपुरीला केला आहे."

"हे कोणी लिहिलं?"

"मी लिहिलं, अक्का."

"तो पेटी ठेवत नव्हता तेव्हा तू शेजारी उभी होतीस का?"

"तसं न्हाई ना. इतक्या वर्षांत चाळीसेक जण लातूरला जाऊन आले. एकालाही दिसली न्हाई. राहून गेलं असेल सरांचं. त्यात एवढं काय?"

त्यात एवढं हे, की माझा भाऊ आळशी होता, विसराळू होता, शर्टाची बटणं वरखाली लावून कॉलेजात जायचा. पण न ठेवलेली पेटी ठेवली म्हणून सांगणारा नव्हता. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, पत्रकं तीस नोव्हेंबरला छापायला जातील. तोवर पेटी सापडली तर ओळ काढू.

जाताना चपला सरळ करून गेली. मी बघत होते म्हणून.

८ ऑक्टोबर

खेळ ज्या चित्रपटावर होता तो 'सात चाव्यांची राणी'. १९७४ साली अर्धापूरच्या जत्रेत तंबूतल्या टॉकीजमध्ये लागला होता. त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही म्हणतात, आणि त्याबद्दल मला दुःख नाही. राणीचा मुकुट पुठ्ठ्याचा होता. सात चाव्या सात ठिकाणी लपवलेल्या, मागे दरोडेखोर, आणि राणी घोड्यावरून गाणी म्हणत पळते. मी सोळा वर्षांची, हैदराबादच्या कॉन्व्हेंटातून सुट्टीला आलेली. सिस्टरनी आम्हाला शिकवलं होतं की तोंड उघडं ठेवून काहीही बघू नये. भारत सात वर्षांचा. तो तोंड उघडं ठेवून चार रात्री तोच चित्रपट बघत बसला, आणि मला शेजारी बसून सगळं समजावून सांगावं लागलं. पुढे वर्षभर मला राणीसाहेब म्हणायचा. एकदा कानाखाली दिली, मग थांबला.

आज त्याच्या सात जागांची यादी पाहिली. माणसाला कल्पनाशक्ती कशी नसावी याचा नमुना. पहिली नांदेडला पाटबंधारे कार्यालयासमोरचा बसथांबा. दुसरी विष्णुपुरी धरणाजवळचा कठडा, जिथे आम्ही कचेरीतल्या बायका डबा खायचो. तिसरी रेल्वे स्टेशनचा शेवटचा बाक, हैदराबादच्या गाडीतून मी उतरायचे तो. चौथी अर्धापूरला, तंबू लागायचा त्या माळाच्या कडेला. बाकीच्या दोनही तशाच. जगभर हिंडून लोक जागा शोधतात, आणि यानं माझ्या रोजच्या येण्याजाण्यातल्या उचलल्या. डोकं चालवायचे कष्ट नकोत.

मी त्यातली एकही पेटी शोधायला गेले नव्हते. तेव्हा दोनदा विचारलं होतं त्यानं. मी नोकरीत होते, मला कामं होती.

११ ऑक्टोबर

वर्षाराणीनं जुन्या पानांच्या छापील प्रती पाठवल्या. लोकांनी लिहिलेले शेरे वाचले. पहिल्या सहा पेट्यांना कौतुक. सातवीखाली शिव्याच. हरिओम नावाच्या नांदेडच्या कुणा बँक अधिकाऱ्यानं २०१५ मध्ये लिहिलं आहे: "आठ वेळा लातूरला गेलो. पेटी नाही, नव्हती. हा माणूस खोटारडा आहे." खाली भारतचं उत्तर एका ओळीचं: "पेटी आहे. तब्येतीला जपा." हे काय उत्तर झालं!

सातवीसाठी त्यानं दिलेली खूण: "राणीला सगळं दिसतं. तिच्या पाठीमागे बघा." लातुरात राणीचा पुतळा आहे का, ते दोघांना विचारलं. नाही म्हणाले.

पण माझ्याकडे या चाळीस जणांकडे नाही अशी वस्तू आहे. सातव्या पेटीच्या आकड्यांचा कागद. सहा जागांचे आकडे त्यानं स्वतःच टाकले होते, सातवीचे घेऊन मात्र माझ्याकडे आला होता. "अक्का, ही शेवटची तुझ्या अक्षरात पाहिजे." मी छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. अभियंत्यांचे गिचमिड नकाशे ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईनं स्वच्छ उतरवणं हे माझं काम. अख्ख्या विभागात माझ्यासारखा आकडा कोणाचा नव्हता. तो कागद मी जपून ठेवला आहे. चांगला झाला होता.

आज तो संकेतस्थळाच्या छापील पानावरच्या आकड्याशी ताडून पाहिला. तिथे सेकंद लिहीत नाहीत, मिनिटाचे दशांश लिहितात. वर्षाराणीनं फोनवर समजावलं, "अक्का, दशांशाला साठनं गुणायचं." तिथे उत्तरेचा आकडा आहे १८ अंश २४.७५० मिनिटं. ०.७५० गुणिले साठ, पंचेचाळीस सेकंद. माझ्या कागदावरही २४ मिनिटं ४५ सेकंदच. पूर्वेचा आकडाही जुळला. म्हणजे छापण्यात चूक नाही. चाळीस जणांना डोळे नाहीत, एवढाच अर्थ.

१६ ऑक्टोबर, लातूर

सकाळी सहाच्या एसटीनं निघाले. लोह्याच्या पुढे रस्ता असा, की मणक्यांची हजेरी लागते.

आकडे मला एका डाळ मिलच्या मागच्या भिंतीशी घेऊन गेले. हवेत तुरीचा भुसा, ट्रकांची रांग. मी भिंतीची एक एक चीर काडीनं तपासू लागले. बाजूला एक बाई भुसा गोळा करून पोत्यात भरत होती. थोडा वेळ बघत राहिली.

"काय हुडकायलाव, बाई?"

"एक पेटी."

"हिरवी न्हवं? पत्र्याची?"

माझ्या हातातली काडी पडली. "तुम्ही पाहिली?"

"न्हाई वो. पर येत्यात की माणसं. सगळे ह्याच भितीला हात लावत्यात. एक साहेब तर दर म्हैन्याला यायचा, लई गोरा, टोपीवाला. मी म्हणलं, साहेब, सोनं हाय का? तो म्हणला, वही हाय. वहीसाठी एवढी तंगडतोड!" पोतं बाजूला ठेवून ती हसली. "तुमी शिकल्यासवरल्याली माणसं लई रिकामी राव."

तिचं नाव साखराबाई. मी तिला सांगितलं की मी रिकामी नाही, सेवानिवृत्त आहे. ती म्हणाली, "तेच की."

तिनं माझ्यासाठी भुशाचा ढीगसुद्धा उपसला. पेटी नव्हती.

२ नोव्हेंबर, लातूर

दिवाळी झाली. पुन्हा गेले. या वेळी पन्नास पावलांच्या घेऱ्यात सगळं पाहिलं, गटाराचं झाकणसुद्धा. साखराबाईला विचारलं, ही भिंत मध्ये कधी पाडून बांधली का? तसं असेल तर पेटी त्यात गेली असेल.

"न्हाई. मी पंधरा वर्सं हितंच हाय. वीटबी हलली न्हाई." मग म्हणाली, "बाई, एक सांगू? पेटी ठिवताना ह्या भितीला मी कुणालाच कदी बघितलं न्हाई. आल्यागेल्याचं तोंड मला याद ऱ्हातंय."

मी तिला भारतचा फोटो दाखवला. तिनं हात पुसून फोटो घेतला, नीट पाहिला, आणि परत दिला.

"न्हाई आला ह्यो."

मी परतीची एसटी धरली.

१८ नोव्हेंबर, नांदेड

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. आज वर्षाराणीला फोन केला आणि सांगितलं, ती चौथी ओळ राहू दे.

ती म्हणाली, "अक्का, मी शब्द बदलते. 'राहून गेली' लिहू का? 'ठेवलीच नव्हती' च्या ऐवजी?"

"जे आहे ते लिही."

फोन ठेवल्यावर पालेभाजी निवडली. छप्पन्न वर्षं एका माणसाला ओळखत होते आणि तो कसला होता ते एका भुसा भरणाऱ्या बाईकडून कळावं! आईचं, चांगुणाबाईचं, म्हणणं असायचं की हा पोरगा खोटं बोलला तर त्याचे कान हलतात. मी कधी कान पाहिले नाहीत.

२२ नोव्हेंबर, अर्धापूर

सिंधुकडे गेले. भारतची बायको. त्याच्यामागे ती अर्धापूरच्या घरी राहते, केळीची बाग तिचा भाऊ बघतो. मी फक्त त्याच्या वर्षश्राद्धाचं ठरवायला गेले होते. ती केळीच्या घडांवर पोती टाकत होती, मला बघून हात धुतले. आमचं कधी भांडण झालं नाही. बोलणंही फार झालं नाही.

चहा घेताना पेटीचं निघालं. मी म्हटलं, भारतनं सातवी ठेवलीच नव्हती, आता पत्रकात तसं छापून येईल.

तिनं कप खाली ठेवला. "कोण म्हणलं?"

"मीच. मी दोनदा जाऊन आले."

"आन मंग ते दर सालाला लातूरला जायचे ते कशाला? संकरातीच्या आगुदरचा रविवार चुकला न्हाई. तेलाची बाटली घेऊन जायचे, पेटीच्या कडीला गंज चढू नये म्हणून."

"तू हे आजवर का बोलली नाहीस?"

"तुमी इचारलं का?" ती म्हणाली. आवाज वाढवला नाही. "तुमी आल्या की आमाला हेच सांगता, दार कसं लावावं, पोळी कशी लाटावी. इचारत कुटं असता, अक्का?"

मी म्हटलं, पोळीचं मी चांगल्यासाठी सांगत होते. ती आत गेली आणि त्याचं जुनं जीपीएस यंत्र व खिशातली वही आणून माझ्यापुढे ठेवली. यंत्र बंद आहे. वही शाबूत.

वही इथे, माझ्या पिशवीत आहे. बसमध्ये वाचणार नाही. त्याचं अक्षर धक्क्यांत लागत नाही.

२३ नोव्हेंबर, नांदेड

वहीत, तेरा जानेवारी २०१३ च्या पानावर, सातवी: उत्तर १८ अंश २४.४५०.

संकेतस्थळाच्या पानावर २४.७५० आहे.

आधी वाटलं, त्यानं टाकताना चूक केली. आळशी माणूस. मग माझा कागद घेतला. २४ मिनिटं, ४५ सेकंद.

त्याच्या यंत्रात सेकंद नव्हते. २४.४५० म्हणजे चोवीस मिनिटं आणि मिनिटाचा निम्म्याहून थोडा कमी भाग. सत्तावीस सेकंद. मी खात्यात जन्मभर अंश, मिनिटं, सेकंद लिहिले. टिंबानंतरचे आकडे पाहिले आणि सेकंद समजून उतरवले. २४, ४५. पूर्वेच्या आकड्यातही तेच केलं. तो समोर बसला होता आणि मी त्याला सांगत होते, असं टिंब देऊन लिहिणं गावठी दिसतं, बघ, हे असं लिहितात.

त्यानं तो कागद नेला, आकडे जसेच्या तसे संकेतस्थळावर टाकले, त्यानं सेकंदांचे आपोआप दशांश करून घेतले, आणि कागद मला परत आणून दिला. माझं लिहिलेलं तपासायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

नकाशावर दोन्ही बिंदू मांडले. अंतर सहाशे मीटर. खरी जागा डाळ मिलच्या नैर्ऋत्येला.

२७ नोव्हेंबर, लातूर

एसटी, मग रिक्षा. मग पायी. खरे आकडे एका जुन्या दगडी पाण्याच्या टाकीपाशी गेले आणि तिथे पोचेपर्यंत मला गल्ली ओळखू आली नव्हती. सगळीकडे कोचिंग क्लासच्या पाट्या, मुलींची वसतिगृहं. टाकीला वळसा घातला तेव्हा समोर एक मागची खिडकी दिसली. हिरव्या रंगाची होती, आता पांढरी आहे.

१९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनाचे नकाशे काढायला मला लातूरला पाठवलं होतं. चौदा महिने. एका मागून एक गाव, प्लॉट क्रमांक, रस्ता, विहीर. मी या खोलीत एकटी राहत होते, खाट खिडकीला लावून, पाठ टाकीकडे. भारत दर रविवारी केळी घेऊन यायचा. केळी लातुरातही मिळतात, हे मी त्याला प्रत्येक वेळी सांगायचे. मी नकाशे पुरे करेपर्यंत तो मागे टाकीच्या कट्ट्यावर बसून राहायचा आणि पाचच्या बसनं परत जायचा. फारसं बोलणं व्हायचं नाही. त्या दिवसांत माझ्याच्यानं बोलवत नसे.

म्हणजे लातुरात त्याला माहीत असलेली हीच एक जागा. तिथेच पेटी ठेवून दिली.

खिडकीतून एका मुलीनं डोकं काढलं. हातात जीवशास्त्राचं जाड पुस्तक.

"आजी, काय करायलाव तिथं? पाल हाय त्या भोकात."

"असू दे. मला पालीशी काम नाही."

"मग कोणाशी हाय?"

तिला काय सांगणार? म्हटलं, भावाची एक वस्तू आहे. ती पुस्तकासकट खाली आली. साक्षी नाव, उदगीरकडची, डॉक्टर व्हायला आली आहे. माझे गुडघे वाकत नाहीत हे तिनं न सांगता ओळखलं. कट्ट्याखाली एक दगड सुटा होता. तो तिनं ओढला. आत हात घातला, किंचाळली, पाल गेली, पुन्हा हात घातला.

हिरवी पत्र्याची पेटी. कडीला गंज नव्हता.

आत पितळेची एक चावी, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली नोंदवही. सही करणाऱ्यांसाठी वही, पण सही एकाही परक्या माणसाची नाही. सगळं त्याचंच अक्षर. इथे उतरवून ठेवते:

"१३ जाने. २०१३. पेटी ठेवली.
१२ जाने. २०१४. ठीक. कोणी आलं नाही.
११ जाने. २०१५. ठीक. कोणी आलं नाही. लोक चिडलेत.
१० जाने. २०१६. ठीक. आकडे चुकलेत, आज कळलं. अक्काच्या कागदात. ती मेमध्ये रिटायर होते. राहू द्या."

त्यानंतर दर जानेवारीला एक ओळ, "ठीक". करोनाचं वर्ष तेवढं सोडून. शेवटची आठ जानेवारी २०२३ ची.

साक्षी माझ्याकडे बघत होती. "आजी, बसा थोडं."

"मी बरी आहे," मी म्हटलं, आणि बसले, कारण गुडघे.

मला राग आला होता, आणि आत्ता हे लिहितानाही आहे. माझी चूक झाकायचा अधिकार त्याला कोणी दिला? मी निवृत्त होणार म्हणजे काय मला चूक दाखवायची नाही? सात वर्षं वर्गणी भरल्यासारखा दर जानेवारीला लातूरला जायचा. तिकडे लोक त्याला खोटारडा म्हणत होते आणि इकडे मी त्याला भेटेल तेव्हा पोळीबरोबर ऐकवत होते, की तुझं कुठलंही काम पुरं होत नाही. एक शब्द बोलला असता तर सगळं मिटलं असतं. मूर्ख माणूस.

पेटी परत ठेवली. दगड साक्षीनं लावला. तिला म्हटलं, यापुढे लोक येतील, तुझ्या अभ्यासाला त्रास होईल. ती म्हणाली, "येऊ द्या की. इथं एरवी कोण येतंय?"

२८ नोव्हेंबर, नांदेड

वर्षाराणीला बोलावून वही, कागद आणि पेटीचे फोटो समोर ठेवले. तिनं शांतपणे सगळं पाहिलं. मग रडू लागली. मी पाणी दिलं आणि ती थांबेपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं.

नंतर कामाचं बोलणं. तिनं नवा मजकूर लिहिला: "तांत्रिक कारणामुळे सातव्या पेटीचे आकडे चुकीचे प्रसिद्ध झाले होते."

"तांत्रिक कारण म्हणजे कोण?"

"अक्का, लोकांना कशाला सांगायचं? सरांचं नाव साफ झालं ना. बस झालं की."

"तांत्रिक कारण लिहिलंस तर लोक म्हणतील भारतनंच चुकवलं. त्याला तू एका आरोपातून काढून दुसऱ्यात घालतेस."

"पण तुमचं नाव, चाळीस लोकांपुढं..."

मी तिला आमच्या खात्याची पद्धत सांगितली. मूळ नकाशावर चुकीचा आकडा सापडला तर तो खरवडून काढायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी, की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर तांबड्या शाईत बरोबर आकडा. बाजूला ज्याची चूक त्याची आद्याक्षरं आणि तारीख. अधिकाऱ्यानं चूक केली तरी हेच, शिकाऊ उमेदवारानं केली तरी हेच. छत्तीस वर्षांत मी बाकीच्यांच्या कितीतरी चुकांवर अशा रेघा मारवून घेतल्या आहेत. एकदा एका कार्यकारी अभियंत्याला दोन दिवस सहीसाठी बसवून ठेवलं होतं.

तिच्यासमोर माझा तो कागद काढला. पट्टी लावली. ४५ वर रेघ मारली. वर तांबड्या शाईत २७. पूर्वेलाही तसंच. बाजूला अ. स. क., २८-११-२०२५. ७ चं शेपूट थोडं लांबलं.

हाच कागद पत्रकावर छापायचा, असं सांगितलं. खाली एक ओळ: "सातव्या पेटीचे चुकीचे आकडे मी लिहिले होते. भारत सटवाजी कल्याणकर यांनी पेटी ठेवली होती आणि मरेपर्यंत सांभाळली. अयोध्या सटवाजी कल्याणकर, अनुरेखक, निवृत्त."

"'माफ करा' वगैरे लिहायचं का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नकाशावर माफीला रकाना नसतो.

१४ डिसेंबर, विष्णुपुरी

खेळ सुरू झाला. धरणाच्या कठड्याशी तीसेक माणसं जमली. सिंधु आली होती, केळीचा अख्खा घड घेऊन. पोळ्याही तिच्याच हातच्या. चांगल्या झाल्या होत्या, तसं तिला सांगितलं. तिनं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं.

सगळ्यांनी पत्रक वाचलं. कोणी माझ्याशी त्याबद्दल काही बोललं नाही, आणि हे मला आवडलं नाही. चूक समोर ठेवल्यावर माणसानं निदान भुवई उचलावी.

मग एक गोरा, टोपीवाला गृहस्थ समोर येऊन उभा राहिला.

"मी हरिओम. बँकेतून रिटायर झालो. मी सरांना..."

"खोटारडा लिहिलंत. वाचलं मी."

"आठ वेळा गेलो होतो हो, अक्का. भुशानं दमा झाला. रागात लिहून गेलो." टोपी काढून हातात फिरवत राहिला. "आता ते पान बंद आहे, पण वर्षाराणी मॅडम म्हणाल्या जुने शेरे नव्या पानावर आणता येतात. माझा आणू नका म्हणून सांगू का?"

"आणू द्या. पुसायचा नाही. त्याच्याखाली काय खरं ते लिहा."

तो कठड्यावर टेकला आणि फोनवर लिहू लागला. एका बोटानं, बराच वेळ. मध्येच मान वर करून विचारलं, "एक सांगा. मॅडमनी वहीतल्या नोंदींचे फोटो दाखवले, तेलाचंही सांगितलं. सरांना २०१६ लाच कळलं होतं. दुरुस्त का केलं नाही त्यांनी?"

"आळशी होता."

"आळशी माणूस दर वर्षी सव्वाशे किलोमीटर तेल घालायला जाईल का, अक्का?"

मी त्याला केळं दिलं. सिंधुनं आणलेली होती, कोणीतरी वाटायला हवी होती.

लिहून झाल्यावर त्यानं फोन माझ्यापुढे धरला. "मी या माणसाला खोटारडा म्हटलं होतं. तो खरा होता. पेटी पहिल्या दिवसापासून तिथंच होती. मी पाचशे मीटर लांब शोधत राहिलो."

अंतर सहाशे मीटर आहे. पत्रकावर स्पष्ट छापलं आहे.

"बरोबर आहे का बघा," तो म्हणाला.

मी म्हटलं, बरोबर आहे.